दवनीवाडा आणि ‘अभागी’ हा शब्द

गेल्या कार्तिकात एका जुन्या विद्यार्थ्याच्या आग्रहावरून आम्ही दवनीवाड्यास जाऊन आलो. हे गाव गोंदिया तालुक्यातले. १ मे १९९९ रोजी गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा झाला. तोपर्यंत हा मुलूख भंडाऱ्यातच मोडत असे. दोहों बाजूंस धानाच्या बांध्या, त्यांत कापून पसरलेल्या कडपा, आणि कानांवर मराठी, हिंदी व पोवारी ह्यांचा मिलाफ! शब्दांचे वेड असलेल्या माणसास ह्याहून निराळी मेजवानी ती कोणती?

यजमानांच्या ओसरीवर सात-आठ वर्षांचा एक चुणचुणीत मुलगा वही घेऊन बसला होता. जन्मभराच्या सवयीने आम्ही विचारिले, “बाळ, तू कोणाचा?” मुलगा गप्प. तोच घरातील वृद्ध बाई चटकन म्हणाल्या, “आमच्याच गावचा आहे, गुरुजी.” त्या त्वरेत जे समजावयाचे ते आम्ही समजलो, आणि मनात खजील झालो. हीच चूक पूर्वीही एकदा आमच्या हातून घडली होती.

त्या रात्री झोप लागेना, तेव्हा मन शब्दांकडे वळले. विवाहबाह्य जन्मास नावे देण्यात आपले पूर्वज मोठे काटेकोर. कुमारिकेचा पुत्र तो कानीन, पती हयात असता जाराचा तो कुंड, पतीच्या पश्चात तो गोलक, अशी वर्गवारी मनुस्मृतीत आहे. लोकभाषेने सोनाराचा काटा हाती घेतला. तोळ्याचे मासे बारा. त्यांत एक उणा तो अक्करमाशी! शरणकुमार लिंबाळे ह्यांनी हाच शब्द १९८४ साली आपल्या आत्मकथनास शीर्षक म्हणून दिला. आमच्या नागपूर प्रांताने जरा मऊ शब्द योजिले. रसेल व हिरालाल ह्यांच्या १९१६ च्या ग्रंथात अशा संततीविषयी ‘विदूर’ आणि ‘कृष्णपक्षी’ ही नावे नोंदलेली आहेत. एका नावात महाभारतातील दासीपुत्राच्या शहाणपणाचा मान, तर दुसऱ्यात वद्य पक्षाचा अंधार.

दूरच्या स्कॉटलंडातही हीच तऱ्हा. तेथे अशा मुलास ‘कम-ओ-विल’ म्हणत, म्हणजे न पेरता आपल्या मर्जीने उगवलेले रोप. बांधावर सांडलेल्या दाण्यातून उगवणारा धान ज्याने पाहिला आहे, त्यास हा शब्द समजावून सांगावा लागणार नाही. दुर्दैवी माणसास तेथे ‘वॉनचान्सी’ म्हणतात. त्यातील ‘वॉन’ म्हणजे उणेपण, आपल्या ‘अ’सारखेच.

आणि येथेच आमचा एक शब्द आम्हांस अडवून उभा राहिला. साडेसाती, अवदसा ह्या शब्दांत दोष ग्रहांच्या वा दैवाच्या माथी जातो. परंतु ‘अभागी’? ‘भज्’ म्हणजे वाटणे. त्यापासून भाग, आणि भागापासून भाग्य. तेव्हा अभागी म्हणजे मुळात ज्यास वाटा नाही तो. वाटा ग्रह देत नाहीत, वाचकहो. तो घरातली माणसे देतात, नाहीतर नाकारतात.

तो देणारे आपल्यात झाले नाहीत असे नाही. जोतीराव व सावित्रीबाई फुले ह्यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढिले, आणि एका ब्राह्मण विधवेच्या पुत्रास, यशवंतास, दत्तक घेतले; तो पुढे डॉक्टर झाला. कायदा पुष्कळ मागून आला. १ सप्टेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, कायद्याने निरर्थक ठरलेल्या हिंदू विवाहातील अपत्यांस, एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत आईबापांच्या वाट्यास जे येईल, त्यातही भाग आहे. एकत्र कुटुंबात नांदणाऱ्यांनी हे ध्यानी ठेवण्याजोगे आहे. मात्र हा निर्णय निरर्थक का होईना, पण विवाह झालेल्यांच्या अपत्यांपुरता आहे. ओसरीवर कोणास बसवावे हे कोणतेच न्यायालय ठरवीत नाही.

आता आमची ती जुनी चूक. चाळीस वर्षांपूर्वी एका शाळेत प्रवेशाचे रजिस्टर भरताना, साऱ्या मंडळींसमोर एका मुलास आम्ही बापाचे नाव तीनदा विचारिले. त्याची आई खाली मान घालून उभी होती. दुसऱ्या दिवशी तो मुलगा शाळेत आला नाही. पुढेही कधी आला नाही. “बिचारा अभागी,” असे म्हणून आम्ही रजिस्टर मिटले. शब्दाचा धातू तेव्हाही आम्हांस ठाऊक होता. त्याचा अर्थ मात्र दवनीवाड्याच्या ओसरीवर कळला. त्या मुलाचा वाटा दैवाने नव्हे, आमच्या लेखणीने नाकारिला होता.

सकाळी निघताना तो मुलगा पुन्हा अंगणात दिसला. ह्या खेपेस आम्ही एवढेच विचारिले, “बाळ, तुझे नाव काय?” त्याने ते मोठ्याने, खणखणीत सांगितले, आणि ‘वहीत लिहून दाखवू का?’ म्हणून तो आमच्याजवळ येऊन बसला.