सभेला जाताना

संमेलनाचे, परिषदेचे किंवा एखाद्या कार्यशाळेचे निमंत्रण हाती आले की बहुतेक लोक आधी तारीख पाहतात आणि मग ठिकाण. बुजऱ्या स्वभावाचा माणूसही या दोन्ही गोष्टी वाचतो. परंतु त्याचे मन तेवढ्यात कपाटापाशी जाऊन उभे राहिलेले असते. काय घालायचे? विद्वत्तेच्या क्षेत्रात हा प्रश्न मोठ्याने विचारू नये असा एक संकेत आहे. भाषाविज्ञानात डॉक्टरेट मिळवून आणि जवळजवळ तीस वर्षे शिरूरला मराठी शिकवूनही मला तो दर वेळी पडतो. आपल्यापैकी अनेकांना तो पडत असणार हेही मला ठाऊक आहे. संपर्कसत्राच्या आदल्या दिवशी येणारे काही दूरध्वनी 'बाई, पुस्तके कोणती आणायची?' असे सुरू होतात आणि थोड्या वेळाने, आवाज खाली आणून, 'ड्रेस चालेल का, की साडीच नेसू?' इथवर येऊन थांबतात.

या स्वभावासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. जो नकार देऊ शकत नाही तो भिडस्त. ज्याच्या मनात पुष्कळ असते पण ओठांवर येत नाही तो मुखदुर्बळ. संकोच या संस्कृत शब्दाच्या मुळाशी आकसणे, अंग आवरून घेणे हा अर्थ आहे. मला यांतला बुजरा हा शब्द सर्वांत जवळचा वाटतो, कारण तो गोठ्यातून आला आहे. नवी वस्तू, नवा रंग, वाऱ्यावर फडफडणारे कापड दिसले की बैल बुजतो. त्याला पळून जायचे असते असे नाही. पुढे पाऊल टाकण्यापूर्वी त्याला त्या वस्तूची खात्री करून घ्यायची असते. अंगावरच्या वस्त्राविषयीही आपली भाषा अशीच चोखंदळ आहे. आपण साडी नेसतो, सदरा घालतो, शाल पांघरतो, फेटा बांधतो. प्रत्येक वस्त्राचे शरीराशी असलेले नाते निराळे, म्हणून क्रियापदही निराळे. ज्या भाषेने एवढा विचार केला आहे, त्या भाषेत 'काय नेसू?' हा प्रश्न क्षुल्लक ठरत नाही.

माझे माहेर दौंडचे, रेल्वेच्या वसाहतीतले. वडिलांना आम्ही दादा म्हणत असू. ते गार्ड होते. लग्नकार्यात धोतर-सदरा घालून आलेले दादा मांडवाच्या कडेच्या खांबाशी उभे राहत. पंगतीला दोनदा बोलावल्याशिवाय बसत नसत आणि व्याह्यांशी बोलताना त्यांची नजर स्वतःच्या पायांवर असे. तेच दादा पांढरा गणवेश चढवून, हातात बावटे घेऊन फलाटावर आले की निराळेच होत. स्टेशन मास्तरांशी ते ठणकावून बोलत आणि डब्याच्या दारात लोंबकळणाऱ्या पोरांना दरडावत. लहानपणी मला यातले खरे दादा कोणते, असा प्रश्न पडे. पुढे लक्षात आले की गणवेशाने त्यांच्यावरचा एक भार उतरवलेला असे. त्या वस्त्रात 'मी इथे का उभा आहे?' याचे उत्तर शिवलेलेच होते. लग्नाच्या मांडवात मात्र ते उत्तर प्रत्येक क्षणी स्वतःला द्यावे लागे.

हा स्वभाव माझ्याकडे वारशाने आला. गणवेश मात्र आला नाही. नोकरी लागल्यावर पहिल्यांदा एका विद्यापीठात चर्चासत्रासाठी जायचे ठरले, तेव्हा मी कपाटातली सर्वांत मळखाऊ साडी काढली. राखाडी सुती, बारीक काठाची. आई म्हणाली, "अगं, ही कसली नेसतेस? लोकांना दिसू तरी दे." परंतु दिसू नये हाच माझा हेतू होता. तो इतका सफल झाला की नोंदणीच्या टेबलापाशी रेशमी साडीतल्या बाईंना 'या मॅडम' म्हणणाऱ्या गृहस्थांनी मला 'तुम्ही कोणाबरोबर आलात?' असे विचारले. दुपारी तर याहून मौजेची गोष्ट घडली. तिथल्या स्वयंसेविकांच्या साड्याही साधारण त्याच रंगाच्या होत्या. जेवणाच्या वेळी एका वृद्ध प्राध्यापकांनी मला पाण्याची जागा विचारली, दुसऱ्यांनी ग्रंथालयाचा रस्ता, तिसऱ्यांनी परतीच्या बसची वेळ. सकाळपासून मी कोणाशी चार शब्द बोलले नव्हते; त्या अर्ध्या तासात वीसेक माणसांशी बोलले, आणि तेही न अडखळता. चर्चासत्राला आलेली अभ्यासक म्हणून मला बोलता येत नव्हते. पाणी कुठे आहे हे सांगणारी बाई म्हणून येत होते. मला दादांचा फलाट आठवला.

वस्त्र ही वस्तू आहे तसे ते चिन्हही आहे, हा विचार भाषाविज्ञानाला नवा नाही. प्राग येथील भाषावैज्ञानिकांच्या मंडळातील प्योत्र बोगातिरेव यांनी १९३७ साली मोराव्हियातील स्लोव्हाक लोकांच्या पारंपरिक पोशाखावर पुस्तक लिहिले. व्यक्ती विवाहित आहे की अविवाहित, दिवस कामाचा आहे की सणाचा, अशा अनेक गोष्टी पोशाख कशा सांगतो याची त्यांनी मांडणी केली. बुजऱ्या माणसाला हे पुस्तक वाचण्याची गरज नसते. आपले कापड आपल्या आधी बोलते, हे त्याला जन्मजात ठाऊक असते. त्याची अडचण एवढीच, की ते काय बोलले हे त्याला ऐकू येत नाही.

१९९६ साली आपल्याच जिल्ह्यात, आळंदीला, अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. शान्ता शेळके अध्यक्ष होत्या. मी शेवटून दुसऱ्या रांगेत बसले होते. साधी साडी आणि कपाळावर ठसठशीत कुंकू ही त्यांची छायाचित्रांतून परिचित असलेली मूर्ती लांबूनही ओळखू येत होती. त्या सकाळी साडी निवडण्यात माझा तास गेला होता. संध्याकाळी परतीच्या एस.टी.त सहज आठवू लागले, तर शेजारी दिवसभर बसलेल्या बाईंनी काय नेसले होते, हे मला सांगता येईना.

या अनुभवाला पुढे प्रयोगाचा आधारही मिळाला. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातील टॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, एका विद्यार्थ्याला बॅरी मॅनिलो या गायकाचे चित्र असलेला, चारचौघांत घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट घालून इतर विद्यार्थी बसलेल्या खोलीत पाठवले जाई. किती जणांनी तो टिपला असेल असे त्याला मग विचारत. अंदाज साधारण निम्म्यांचा येई. प्रत्यक्षात सुमारे चौथाई लोकांच्याच ते ध्यानात आलेले असे. आपल्याला वाटते तेवढे लोक आपल्याकडे पाहत नाहीत, हा निष्कर्ष दिलासा देणारा आहे. तो मी वर्गात सांगते. परंतु पूर्ण दिलासा म्हणून सांगत नाही. एक तर ती चौथाई उरतेच, आणि प्राचार्य नेमके त्या चौथाईत बसलेले आहेत अशी बुजऱ्या माणसाची पक्की समजूत असते. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. काही सभा खरोखरच पाहतात. कोणी यावे आणि कोणी येऊ नये हे त्या नजरेने सांगतात.

न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने १८७८ साली पुण्यात मराठी ग्रंथकारांचे पहिले संमेलन भरले. १८८५ साली दुसऱ्या ग्रंथकार सभेचे निमंत्रण महात्मा फुले यांना गेले, तेव्हा त्यांनी पत्र लिहून ते नाकारले. सर्वांना मानवी हक्क देण्यास जे तयार नाहीत त्यांच्या सभेशी आमचा मेळ बसणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. तो बुजरेपणा नव्हता. विचारपूर्वक दिलेला नकार होता. मात्र हे पत्र शिकवताना मला नेहमी त्या असंख्य लोकांची आठवण होते, ज्यांच्याकडे असे पत्र लिहिण्याचे बळ नव्हते. ते दाराशी येऊन परत फिरले आणि लोकांनी त्याला त्यांचा लाजाळू स्वभाव म्हटले. माणसाचा संकोच किती त्याचा स्वतःचा आणि किती त्या सभामंडपाने त्याला दिलेला, हे वेगळे काढून दाखवणे सोपे नसते.

त्याच १८८५ सालचे एक छायाचित्र आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. १० ऑक्टोबर रोजी फिलाडेल्फियातील विमेन्स मेडिकल कॉलेजच्या स्वागत समारंभात काढलेल्या त्या छायाचित्रात तीन विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या वेशात बसल्या आहेत : जपानच्या केई ओकामी, सीरियाच्या साबात इस्लामबुली आणि आपल्या आनंदीबाई जोशी. आनंदीबाई तेव्हा वीस वर्षांच्या होत्या. अमेरिकेला निघण्यापूर्वी, १८८३ साली बंगालमधील श्रीरामपूर येथे केलेल्या भाषणात, आपण आपले आचार सोडणार नाही असे त्यांनी जाहीर केले होते. तिथे गेल्यावर मात्र त्या नऊवारीऐवजी गुजराती पद्धतीची साडी नेसू लागल्या. पाय झाकणारी ती नेसण त्या हवेत आणि त्या समाजात सोयीची होती. मला या तडजोडीचे फार मोल वाटते. साडी राहिली, नेसण बदलली. आपलेपण सोडायचे नाही आणि अवघडूनही बसायचे नाही, यासाठी त्या मुलीने कुणा दुसऱ्याची नव्हे, आपल्याच देशातली एक वाट काढली.

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना पदवी मिळाली, त्या समारंभाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम गेल्या होत्या. याच रमाबाईंनी पुढे आपल्या दौंड तालुक्यात केडगावला मुक्ती मिशन वसवले आणि १९२२ साली तिथेच देह ठेवला. शिरूरहून न्हावरेमार्गे दौंडकडे जाताना चौफुला आला की मला पांढऱ्या साडीतल्या रमाबाई आठवतात. फिलाडेल्फियाच्या त्या सभागृहात दोन मराठी स्त्रिया होत्या. एकमेकींना पाहून त्यांना किती बरे वाटले असेल!

आता माझ्या इरकलीविषयी. आई गेल्यानंतर तिची इरकल माझ्याकडे आली. गर्द हिरवी, लाल रेशमी पदराची, पदरावर पांढऱ्या धाग्यांत देवळाच्या शिखरांसारखी नक्षी. कर्नाटकात एका भाषाविज्ञान परिषदेला जाताना मी ती नेसले. दिसण्यासाठी नव्हे, आईची म्हणून. चहाच्या वेळी नेहमीप्रमाणे मी खिडकीशी उभी होते. धारवाडकडच्या एक ज्येष्ठ प्राध्यापिका सरळ माझ्याकडे आल्या आणि पदराला हात लावून तोडक्या मराठीत म्हणाल्या, "ही आमची इलकल. तुम्ही इरकल का म्हणता?"

आयुष्यात मला कोणी इतका योग्य प्रश्न विचारला नव्हता. बागलकोट जिल्ह्यातले इलकल हे गाव. त्या नावात दोन ल जवळजवळ आले आणि मराठी जिभेने पहिल्याचा र करून टाकला. जवळ आलेल्या दोन सारख्या ध्वनींपैकी एक बदलण्याच्या या प्रवृत्तीला विषमीकरण म्हणतात. मी त्यांना सांगितले की संस्कृतातील लाङ्गल या शब्दाचा आमच्याकडे नांगर झाला, त्यात दोन्ही ल गेले; आणि ललाट म्हणजे कपाळ, त्याचे निढळ झाले, म्हणून आम्ही निढळाचा घाम गाळतो. त्यांनी कन्नडातली उदाहरणे काढली. चहा गार झाला, भोवती पाचसहा जण जमले. मघापासून आपण बोलतो आहोत हे माझ्या ध्यानात आले तेव्हा घंटा झाली होती. मळखाऊ साडीने वर्षानुवर्षे मला लपवले होते. लपलेल्या माणसाशी कोणी काय बोलणार? इरकलीने समोरच्याला एक प्रश्न दिला. पहिले वाक्य माझ्यावर सोपवले नाही. बुजऱ्या माणसाला दुसरे वाक्य बोलता येते. अडते ते पहिल्यापाशी.

तेव्हापासून कोणी विचारले तर मी रंग आणि किंमत सांगत नाही. ज्याविषयी चार वाक्ये तुम्हाला आपोआप सांगता येतील असे काहीतरी अंगावर असू द्या, एवढेच म्हणते. आजीची मोहनमाळ चालेल, स्वतः भरतकाम केलेला झोळा चालेल, गावच्या चर्मकाराने शिवलेल्या वहाणाही चालतील.

दौंड तालुक्यातील आमच्या एक विद्यार्थिनी अंगणवाडी सेविका आहेत. वय सेहेचाळीस. पहिली दोन संपर्कसत्रे त्या आल्याच नाहीत. तिसऱ्याला आल्या त्या अंगणवाडीच्या गणवेशाच्या साडीत. "बाई, ह्या साडीत कोणी काही विचारत नाही," असे कारण त्यांनी सांगितले, तेव्हा मला हसूही आले आणि दादाही आठवले. गेल्या वर्षी तालुक्यातल्या एका छोट्या साहित्य मेळाव्यात त्यांनी निबंध वाचावा असे मी सुचवले. विषय त्यांचाच होता : तीन-चार वर्षांची मुले घरून कोणते शब्द घेऊन येतात. ऊसतोड कामगारांची, मेंढपाळांची, पोलीस वसाहतीतली मुले एका सतरंजीवर बसतात आणि एकाच वस्तूला निरनिराळ्या नावांनी हाका मारतात, हे त्यांनी दोन वर्षे वहीत टिपून ठेवले होते. काय नेसावे यावर आमचे दोनदा बोलणे झाले. एक नवी साडी ठरलीही होती. पण मेळाव्याच्या दिवशी लसीकरणाचे काम आले आणि त्या तिथून थेट मांडवात आल्या, गणवेशातच.

व्यासपीठावर त्या हळू आवाजात वाचू लागल्या. मागच्या रांगेला ऐकू येत नव्हते. निबंध संपण्याआधीच एक आजोबा उठून म्हणाले, "ताई, तुम्ही अंगणवाडीच्या ना? मग मला सांगा, आमचा नातू आईला 'याडी' म्हणतो, त्याला वर्गात हसतात का?" त्यांनी कागद खाली ठेवला. आमच्या वर्गात हसत नाहीत, त्या म्हणाल्या. आणि का हसत नाहीत, पहिल्या आठवड्यात काय घडले होते, मग त्यांनी सगळ्या मुलांना आईसाठी घरचा शब्द कसा म्हणायला लावला, हे सांगत गेल्या. अध्यक्षांनी वेळ संपल्याची घंटा वाजवली. त्यांनी त्यांच्याकडे वळून पाहिले आणि म्हणाल्या, "सर, अजून दोन शब्द राहिलेत."