न्यू हेवनचे झीलकरी

न्यूयॉर्कमध्ये बेचाळिसाव्या रस्त्याखाली, टाइम्स स्क्वेअरच्या सबवे स्टेशनातल्या बोळात, 1960च्या आसपास एक रेकॉर्डचं दुकान होतं. मालक अर्विंग रोझ. माणूस उंच आणि किडकिडीत, म्हणून सगळे त्याला ‘स्लिम’ म्हणत. दुकानाच्या भिंती तबकड्यांनी भरलेल्या असत आणि अमुक गटाची तमुक तबकडी आणून द्या, एवढे डॉलर मिळतील, अशा याद्या लावलेल्या असत. हव्या असलेल्या तबकड्या फार जुन्या नव्हत्या. पाच-सहा वर्षांपूर्वी निघालेल्या, फारशा न खपलेल्या आणि कंपन्यांनी केव्हाच विसरून टाकलेल्या, एवढंच.

‘फाइव्ह शार्प्स’ हा क्वीन्समधल्या पोरांचा गट. ज्युबिली कंपनीने 1952 साली त्यांची ‘स्टॉर्मी वेदर’ ही तबकडी काढली. पुढे तिची एक प्रत कुणीतरी स्लिमच्या दुकानात आणली आणि ती फुटली. स्लिमने पाळलेलं रॅकून तिच्यावर बसलं, असं सांगतात. मग शोधाशोध सुरू झाली, इनाम वाढत गेलं, कंपनीकडे विचारणा झाली, तर मूळ फीतही सापडेना. चार-पाच पोरांचा भर तारुण्यातला आवाज एका प्राण्याच्या बुडाखाली जातो, आणि त्यामुळेच अमर होतो. डू-वॉपच्या इतिहासात असल्या गोष्टींची कमतरता नाही.

त्या बोळातून मी गेलो. दुकानाची कसलीही खूण दिसली नाही आणि तशी अपेक्षाही नव्हती. तिथून बेचाळिसाव्या रस्त्यानेच पूर्वेला चालत ग्रँड सेंट्रल गाठलं आणि न्यू हेवनची लोकल पकडली.

डू-वॉप ऐकायला सोपं आहे. एक पुढे गाणारा, सहसा चढ्या आवाजाचा. मागे तिघे-चौघे निरर्थक अक्षरांवर सूर धरून उभे, त्यात एक खर्जातला. शाहिरामागचे झीलकरी जसे ‘जी जी’ म्हणत पोवाडा तोलून धरतात, तसंच हे. फरक इतकाच की इथे डफही नाही. हार्लेम, ब्रॉन्क्स, बाल्टिमोर, फिलाडेल्फिया इथल्या काळ्या वस्त्यांतली पोरं वाद्य परवडत नाही म्हणून तोंडानेच वाद्यवृंद उभा करायची. गायची कुठे, तर नाक्यावर, जिन्यात, शाळेच्या न्हाणीघरात, जिथे भिंत आवाज परत देईल तिथे. पुढे इटालियन आणि प्वेर्तो रिकन पोरंही त्यात आली. 1950च्या दशकात असे असंख्य गट झाले, आणि बहुतेकांच्या नावावर एखाद-दुसरीच तबकडी आहे.

गाडी स्टॅमफर्ड, ब्रिजपोर्ट करत जाते, उजव्या हाताला मधूनमधून लाँग आयलंड साउंडचं पाणी दिसतं. न्यू हेवनची पोरं हेच सुमारे 115 किलोमीटर उलट दिशेने जात. फ्रेड पॅरिस हा हिलहाउस हायस्कूलचा विद्यार्थी. त्याचा ‘स्कार्लेट्स’ हा गट न्यूयॉर्कला पोचला आणि 1954 साली बॉबी रॉबिन्सनच्या रेड रॉबिन या हार्लेममधल्या चिमुकल्या कंपनीने त्यांचं ‘डियर वन’ काढलं. ते आजूबाजूला बऱ्यापैकी वाजलं. मग लष्कराचं बोलावणं आलं आणि स्कार्लेट्स वेगवेगळ्या तळांवर पांगले.

त्यांच्याच गावच्या ‘नटमेग्ज’चं नशीब थोडं बरं. कनेक्टिकटला ‘नटमेग स्टेट’, म्हणजे जायफळाचं राज्य म्हणतात, त्यावरून गटाने नाव घेतलं. लिरॉय ग्रिफिनने गायलेलं त्यांचं ‘स्टोरी अनटोल्ड’ 1955 मध्ये हेरल्ड कंपनीने काढलं आणि ते ऱ्हिदम अँड ब्लूजच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. गोऱ्या श्रोत्यांच्या पॉप यादीत मात्र गेलं ते ‘क्रू-कट्स’ या कॅनडाच्या गोऱ्या गटाने केलेलं रूप. तेव्हाचा तो रिवाजच होता. दोन्ही लागोपाठ ऐकून पाहा. क्रू-कट्सच्या गाण्यात सगळं जागच्या जागी आहे आणि जीव नाही. ग्रिफिन एकेका अक्षराला असा मुरडत नेतो की स्वर सरळ लागला असता तर चुकल्यासारखा वाटला असता.

न्यू हेवनच्या युनियन स्टेशनवर भाचा घ्यायला आला होता. तो इथे संशोधन करतो. “मामा, लोक इथे येल बघायला येतात आणि तू तळघर बघायला आलास,” तो म्हणाला. मी म्हटलं, येलही बघू, वाटेतच आहे.

वाटेत आधी लागतो एक रुंद रस्ता, ज्याला आता शहर टप्प्याटप्प्याने बुजवतं आहे. हा ओक स्ट्रीट कनेक्टर. इथे ओक स्ट्रीटची वस्ती होती. ज्यू, इटालियन, काळे अशी सगळी गरिबी एकमेकांना खेटून राहायची. रिचर्ड ली 1954 साली महापौर झाले आणि त्यांनी न्यू हेवनला झोपडपट्टीमुक्त नमुना शहर करायचा चंग बांधला. वॉशिंग्टनहून पैसा आला, बुलडोझर आले, आणि 1950चं दशक संपेपर्यंत साडेआठशेहून अधिक कुटुंबं आणि शेकडो दुकानं उठवून तिथे महामार्ग झाला. तो पुढे काही अंतरावरच थांबला, कारण उरलेला बांधलाच गेला नाही. ज्यांची घरं गेली त्यांना काय वाटलं असेल ते वेगळं सांगायला नको. आता त्याच खड्ड्यावर प्रयोगशाळांच्या काचेच्या इमारती उभ्या राहताहेत.

पुढे ब्रॉडवेवरून तीन रस्ते फुटतात: व्हॅली, गॉफ आणि डिक्सवेल. इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याला 1649 मध्ये मृत्युदंड देणाऱ्या न्यायाधीशांपैकी ही तिघांची नावं. राजेशाही परतल्यावर तिघेही जीव वाचवायला पळाले आणि न्यू हेवनने त्यांना लपवलं. डिक्सवेल तर खोट्या नावाने इथेच संसार करून राहिला, इथेच मेला. पुढे डिक्सवेल अव्हेन्यू काळ्या न्यू हेवनचा हमरस्ता झाला. 1820 साली सुरू झालेलं काळ्या काँग्रिगेशनल मंडळींचं चर्च याच नावाने ओळखलं जातं. दक्षिणेतून आलेली माणसं जवळच्या विंचेस्टर बंदुकांच्या कारखान्यात कामाला लागायची. त्यांच्या पोरांनी संध्याकाळी याच बाजूच्या नाक्यांवर सूर जुळवले. 1960च्या दशकात इथेही पुनर्विकास झाला, जुनी दुकानं गेली. कारखाना 2006 मध्ये बंद पडला.

“आणि ती शाळा?” भाच्याने विचारलं. हिलहाउस हायस्कूल आता दुसरीकडे आहे. पॅरिस शिकला ती जुनी इमारत येलच्या दाराशीच होती, आणि येलने ती जागा 1950च्या दशकात शहराकडून विकत घेतली. तिथे एरो सारिनेनने मोर्स आणि स्टाइल्स ही दोन वसतिगृहं बांधली, 1962 मध्ये ती सुरू झाली. काँक्रीटमध्ये दगड घालून केलेल्या खडबडीत भिंती, वाकडेतिकडे बोळ, एखाद्या इटालियन डोंगरगावासारखं सगळं. वास्तू सुंदर आहे, नाही म्हणता येत नाही. पण तिथे कॉफी पिताना मला राहवलं नाही आणि भाच्याला येल साहेबाचा आपल्याशी असलेला संबंध ऐकवला. एलिहू येल मद्रासचा गव्हर्नर असताना, 1690 मध्ये, ईस्ट इंडिया कंपनीने कडलूरजवळचा तेगनापट्टणचा किल्ला मराठ्यांकडून विकत घेतला. राजाराम महाराज तेव्हा जिंजीत होते, मोगल मागावर होते. किल्ल्यावरून डागलेला गोळा जाईल तिथवरची गावंही सौद्यात होती. मद्रासेत कमावलेल्या पैशातून येलने पुढे या कॉलेजला पुस्तकं आणि मालाचे गठ्ठे दिले. तो माल 562 पौंडांना विकला गेला आणि 1718 मध्ये कॉलेजला त्याचं नाव मिळालं. “म्हणजे जागा घेण्याची सवय जुनीच,” भाचा म्हणाला. त्याची फेलोशिप येलचीच असल्याने आवाज जरा खाली ठेवून.

मग त्याच्या गाडीतून बंदर ओलांडून पूर्वेला मॉरिस कोव्हला गेलो. इथे शहर संपून गाव सुरू झाल्यासारखं वाटतं. बैठी घरं, अंगणात मेरीच्या मूर्ती, एका बाजूला खाडी. 1779 च्या जुलैत इंग्रज सैन्य याच किनाऱ्यावर उतरलं होतं आणि त्याने जाळलेलं पार्डी-मॉरिस घर पुन्हा बांधलेलं अजून उभं आहे. टाउनसेंड अव्हेन्यूवर सेंट बर्नाडेट चर्च. बाहेरून बघाल तर थांबावं असं त्यात काही नाही.

1956 च्या फेब्रुवारीत या चर्चच्या तळघरात फ्रेड पॅरिस आपला नवा गट घेऊन आला. नाव ‘फाइव्ह सॅटिन्स’, पण त्या दिवशी माइकसमोर गाणारे चौघेच. पॅरिस लष्करातून सुट्टीवर आलेला. गाणं त्याने फिलाडेल्फियातल्या तळावर रात्रीच्या पहाऱ्यात रचलेलं. मार्टी कूगेल आणि टॉम सोकिरा या दोन पोरसवदा तरुणांची ‘स्टँडर्ड’ नावाची हौशी कंपनी होती, इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर बदललेली. स्टुडिओला पैसे नव्हते. सॅक्सोफोन वाजवणारा विनी मॅझेटा याच चर्चचा, त्याने धर्मगुरूंना विचारलं आणि जागा मिळाली. तिथे दोन गाणी झाली. पहिल्या बाजूला ‘द जोन्स गर्ल’, कारण तेच चालेल असा सगळ्यांचा अंदाज होता. दुसऱ्या बाजूला ‘इन द स्टिल ऑफ द नाइट’.

कानाला हेडफोन लावून फुटपाथवर उभा राहून मी ती तबकडी पुन्हा ऐकली. ढोल कापडात गुंडाळल्यासारखा वाजतो. पियानो कुठल्यातरी कोपऱ्यातून येतो. मागचे तिघे एकच अक्षरमाळ घोळवत राहतात आणि त्यांचा आवाज भिंतीवर आपटून किंचित उशिरा परततो, त्यामुळे तिघांचे सहा वाटतात. मॅझेटाचा सॅक्स मधल्या जागेत शिरतो तेव्हा त्याच्याभोवती मोकळी हवा ऐकू येते. पुढे चांगल्या स्टुडिओत, चांगल्या माइकवर या गटाने बरंच गायलं, तो आवाज परत मिळाला नाही. गाण्याइतकीच ही त्या खोलीचीही तबकडी आहे.

न्यूयॉर्कच्या एंबर कंपनीने ती पुन्हा छापली आणि ती पॉप यादीत 24 व्या क्रमांकावर पोचली. पॅरिसला तेव्हा जपानला पाठवलं होतं. बिल बेकर नावाच्या दुसऱ्या न्यू हेवनकराला पुढे उभं करून गटाने 1957 मध्ये ‘टू द आइल’ हेही गाजवलं. मग 1959 मध्ये आर्ट लाबोने जुन्या गाण्यांचा एक संग्रह काढला, त्यात तळघरातलं गाणं घेतलं आणि ते पुन्हा यादीत चढलं. न्यूयॉर्कच्या डब्ल्यूसीबीएस-एफएमच्या श्रोत्यांनी वर्षानुवर्षं त्याला सर्वकाळच्या यादीत पहिला क्रमांक दिला. पॅरिस 2022 च्या जानेवारीत, 85 व्या वर्षी गेला.

एवढं सांगूनही माझं मत विचाराल तर न्यू हेवनचं सर्वांत चांगलं ध्वनिमुद्रण हे नव्हे. नटमेग्जच्या वाद्यांशिवायच्या तालमीच्या फिती पडून होत्या, त्या स्लिमच्या हाती लागल्या आणि 1963 मध्ये त्याने आपल्या टाइम्स स्क्वेअर या छापावर ‘लेट मी टेल यू’ काढलं. बाजारात जायचं म्हणून ते गायलेलं नाही, मागे कसलाही ठेका नाही. गळे, श्वास आणि एकमेकांची वाट बघणं एवढंच. ते ऐकून न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीतली पोरं पुन्हा वाद्यांशिवाय गायला लागली. ते कुठल्या खोलीत गायलं गेलं याची पाटी या गावात कुठेच नाही. भाच्याला परतीच्या वाटेवर गाडीत तेच ऐकवलं, आणि ओक स्ट्रीट कनेक्टरच्या सिग्नलला थांबलो असताना तो म्हणाला, “मामा, हे पहिलं लावायचंस ना.”