संत होण्यापूर्वीचा चेहरा

माणसाच्या उंचीत त्याचे डोके सुमारे साडेसात वेळा मावते. १२० मिलिमीटरच्या सैनिकी लघुमूर्तीत म्हणून डोक्याच्या वाट्याला येतात फक्त १६ मिलिमीटर, आणि त्यातला डोळा मोहरीच्या दाण्याएवढा. एवढ्याशा जागेत आम्हांला इग्नेशियस लोयोला घडवायचे होते. वेदीवरचे संत नव्हेत, तर मे १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या किल्ल्यात फ्रेंच तोफांपुढे उभा ठाकलेला तिशीतला इनिगो. चिलखत आणि तलवार चिकाटीने साधते, त्या काळचे नमुने संग्रहालयांत आहेत. चेहरा मात्र कोठून आणावा?

इग्नेशियस यांनी हयातीत आपले चित्र काढू दिले नाही. ३१ जुलै १५५६ रोजी रोममध्ये त्यांचे देहावसान झाले, तेव्हा सोबत्यांनी घाईने त्यांच्या चेहऱ्याचा प्लास्टरचा साचा घेतला आणि याकोपिनो देल कोंते या चित्रकाराने मृत चेहऱ्यावरून चित्र रंगविले. १५८५ साली सांचेझ कोएल्यो यांनी काढलेले चित्र, १६१० साली मोंतान्येस यांनी सेव्हिलमध्ये कोरलेले लाकडी शिर, दोहोंचे मूळ त्या मुखवट्यातच. आपल्या देवघरांतल्या तसबिरींचीही वंशावळ बहुधा तेथेच जाऊन भिडते.

पण मुखवटा हा चेहरा नव्हे. उताण्या निजलेल्या मृताचे गाल कानांकडे ओघळतात, ओठ आत जातात, ओल्या प्लास्टरचा भार उरलेसुरले मांसही दाबतो. शिवाय हा ६५ वर्षांचा, उपासतापासांनी आणि दुखण्याने झिजलेला देह. त्याची हुबेहूब नक्कल केली तर पाम्प्लोनाच्या तटावर एक प्रेत उभे राहील. आम्ही म्हणून मुखवट्याकडून फक्त हाडे उसनी घेतली: रुंद कपाळ, गालांची उंच हाडे, बाकदार नाकाचा कणा, जबड्याचा कोन. हाड तीस वर्षांत फारसे बदलत नाही. मांस आम्हांलाच परत चढवायचे होते.

साहित्य अगदी साधे. नळ गळू लागला की आपण एम-सील मळून लावतो, त्याच जातीची पण अधिक मऊ अशी दोन भागांची इपॉक्सी पुट्टी, बुचात खोवलेली तांब्याची तार, सुया आणि दंतवैद्याने टाकून दिलेली दोन हत्यारे. पुट्टी तास-दीड तास वळते, मग घट्ट होते. म्हणून चेहरा थरांनी चढवावा लागतो. प्रथम कवटी. ती सुकली की डोळ्यांच्या खोबणीत दोन गोळ्या. त्या कडक झाल्यावर केसासारख्या बारीक वळ्या लाटून पापण्या. वरची पापणी बुबुळाचा माथा झाकते. ती जरा वर सरकली की माणूस दचकलेला दिसतो. डोळे, नाकपुड्या आणि ओठांची फट खऱ्या प्रमाणापेक्षा किंचित खोल कोरावी लागते. मूर्ती लहान करता येते, तिच्यावर पडणारा प्रकाश लहान करता येत नाही.

आणि दोन्ही बाजू सारख्या करायच्या नाहीत. खऱ्या माणसाची एक भुवई उंच असतेच. काम आरशात पाहिले की नको असलेला वाकडेपणा ताबडतोब उघडा पडतो, हवा असलेला तसाच ठेवता येतो.

केसांचा प्रश्न एका जुन्या खटल्याने सोडविला. १५१५ साली दांडगाईच्या आरोपातून सुटण्यासाठी इनिगोने आपण धर्मसेवक असल्याचा दावा केला. प्रतिपक्षाने उत्तर दिले की, याच्या माथ्यावर मुंडनाची खूण नाही, केस खांद्यांपर्यंत रुळतात आणि हा शस्त्रे बाळगून हिंडतो. मूर्तिकाराला यापेक्षा चांगला साक्षीदार कोठला मिळणार! टक्कल पडलेले इग्नेशियस बाजूला ठेवून आम्ही केस खांद्यांवर सोडले.

उरला भाव. येथे आम्ही बरेच दिवस अडलो. हात आपोआप सवयीकडे वळत होता, डोळे आकाशाकडे लावत होता. सेमिनरीत त्यांच्याच आध्यात्मिक साधना करताना, प्रसंग मनःचक्षूंनी जसा घडला तसा पाहावा, असे आम्हांला शिकविले गेले होते. तो मार्ग त्यांच्यावरच लावून पाहिला. आत्मकथनात ते सांगतात की, किल्ला टिकणार नाही असे इतर सर्वांचे मत असताना त्यांनी किल्लेदाराला लढण्यास भाग पाडले. आणि हल्ल्याच्या दिवशी एका सोबती शिपायापाशी आपली पापे निवेदन केली. हट्ट, कीर्तीची हाव आणि मरणाची जाणीव, तिन्ही एकाच माणसात. संतपणाचा मागमूस त्यात शोधणे आम्हांला खोटेपणाचे वाटले. देवाने ज्याला हाक दिली तो हाच, असा. आम्ही नजर वरून काढून सरळ समोर आणली, जबडा आवळला आणि खालचा ओठ जराशा ढिला सोडला.

तयार शिर आमच्या धर्मग्रामातल्या एका आजीबाईंना दाखविले. त्यांनी हात जोडले नाहीत. चष्मा सारखा करून म्हणाल्या, "कोण हो फादर हा? भारी घमेंडी दिसतो; पण घाबरलाय मनातून." आम्ही नाव सांगितले, तेव्हा त्यांनी ते १६ मिलिमीटर पुन्हा एकदा उजेडात धरून निरखले.

आता धड आणि पाय करावयाचे आहेत. उजवा पाय अद्याप शाबूत असलेला, घट्ट बुटातला, ज्याच्या डौलासाठी पुढे इनिगोने वेडेवाकडे जुळलेले हाड कापून घेण्याच्या यातना सोसल्या.