मांडीवरची जागा

मंडळी, बरेच दिवस इकडे फिरकले नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मग नागपूरचे व्याही येऊन गेले, मग नुसताच आळस. आज लिहायला बसले त्याचं कारण जरा वेगळं आहे. आमच्या नातेवाइकांपैकी काही जणांना यातली एक गोष्ट नवीन वाटेल. फोनवर सांगायचा धीर झाला नाही, म्हणून इथे.

विषय तसा साधाच. नातीसाठी गाडीतली नवी सीट घ्यायची होती.

आमची चिऊ साडेतीन वर्षांची. ती २०२२ मध्ये झाली. त्याच वर्षी ४ सप्टेंबरला सायरस मिस्त्रींच्या गाडीला पालघर जिल्ह्यात, चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर अपघात झाला. गेलेले दोघंही मागच्या सीटवर होते आणि त्यांनी पट्टे लावले नव्हते. ते पेपरात वाचून आमच्या चिरंजीवांनी बाळासाठी सीट आणली. मला ती अजिबात आवडली नव्हती. एवढंसं लेकरू, तोंड मागे करून, पट्ट्यांत करकचून बांधलेलं! "आजीची मांडी असताना कशाला रे हे सोंग?" असं मी म्हणाले होते. सूनबाई काही बोलली नाही, पण चिऊला मांडीवरही दिलं नाही.

गेल्या मे महिन्यात आम्ही सगळे समृद्धीने नागपूरला निघालो. सावंगीला चढलो. जालना यायच्या आधीच चिऊने भोकाड पसरलं. सूनबाई पुढे बसली होती, मागे मी आणि चिऊ. मी पाणी दिलं, बिस्कीट दिलं, काही उपयोग नाही. शेवटी मी हळूच बक्कल दाबलं आणि तिला मांडीवर घेतलं. दोन मिनिटांत झोपली. मला काय अभिमान वाटला म्हणून सांगू!

मुलाने आरशात पाहिलं. बोलला काहीच नाही. वेग कमी केला, जालन्याच्या फाट्यावर खाली उतरला, गाडी नीट कडेला लावली, मागे आला आणि झोपलेल्या पोरीला उचलून परत सीटमध्ये बांधलं. पुन्हा रडारड. मेहकर येईपर्यंत गाडीत कुणी अवाक्षर काढलं नाही.

मी चाळीस वर्षं वर्गात पोरांना गप्प बसवलं, पण मला असं गप्प पहिल्यांदाच कुणी बसवलं.

परत आल्यावर आमच्या शाळेतले विज्ञानाचे सर भेटायला आले होते, त्यांच्याकडे मी तक्रार केली. मला वाटलं, समवयस्क आहेत, माझी बाजू घेतील. त्यांनी एका लग्नपत्रिकेच्या मागे गणित मांडलं. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी आदळणं म्हणजे जवळजवळ दहा मीटरवरून, तिसऱ्या मजल्याच्या आसपासहून, खाली पडणं. वेग दुप्पट झाला की उंची चौपट. समृद्धीवर कारला १२० ची परवानगी आहे, त्या वेगाला उंची येते ५६-५७ मीटर. "बाई, दौलताबादचा चांदमिनार ६३ मीटरच्या आसपास आहे," सर म्हणाले. "नातीला मांडीवर घेऊन त्याच्या टोकाशी बसाल का?"

मी म्हटलं, मी घट्ट धरलं असतं. त्यावर सरांनी दुसरं गणित केलं. ५० च्या वेगातली गाडी अर्ध्या मीटरमध्ये थांबली असं धरलं, तर बारा किलोच्या मुलाचा भार त्या क्षणी २४० किलोंच्या घरात जातो. आणि धरणारी बाई स्वतःही त्याच वेळी पुढे फेकली जात असते.

मग मी विचारलं, "आणि वेग तीस असेल तर?"

"तरी ८०-८५ किलो. का हो?"

मी चहा टाकायला उठले.

आता ती गोष्ट. १९८५ चा मे महिना. मुलगा अडीच-पावणेतीन वर्षांचा होता. माहेरी चाळीसगावला निघाले होते. सासूबाईंनी बजावून सांगितलं होतं, काही झालं तरी एसटीनेच जा. कन्नडला एसटी चुकली. ऊन मी म्हणत होतं, आणि जीपवाला "लगेच सुटतो" म्हणत होता. मी पुढे, ड्रायव्हरशेजारी बसले, पोर मांडीवर. औट्रम घाट उतरताना एका वळणावर समोरच्या ट्रकने वेग कमी केला आणि आमची जीप त्याच्या मागे धडकली. फार जोरात नाही. तीसच्या आतच वेग असेल. पण माझ्या हातातून पोर निसटलं आणि त्याचं कपाळ समोरच्या पत्र्यावर आपटलं. चाळीसगावला डॉक्टरांनी पाच टाके घातले.

घरी परत येऊन मी सांगितलं, मामाच्या पायरीवरून पडला. सासूबाई शेवटपर्यंत तेच समजत होत्या. नणंदा, जावा, पुतणे, सगळे आजवर तेच समजतात. खरं फक्त ह्यांना ठाऊक होतं, आणि ह्यांना जाऊनही आता नऊ वर्षं झाली.

चाळीस वर्षं मला वाटत आलं की मी नीट धरलं नाही. डोळा लागला होता का? लक्ष खिडकीबाहेर होतं का? पत्रिकेमागचं गणित बघितलं तेव्हा कळलं, की ८० किलो मला धरताच आले नसते. चूक धरण्यातली नव्हती, त्याला तिथे बसवण्यातली होती. याने जीव हलका झाला की जड, ते अजून मला उमगलेलं नाही.

असो. सीटचं सांगते, कारण बऱ्याच जणांच्या घरी लहान मुलं आहेत.

मला वाटायचं, सीट वयावर घ्यायची, बुटांसारखी. तसं नाही. उंची आणि वजन बघायचं. चिऊ भरली साडेचौदा किलो, ९८ सेंटिमीटर. जुन्या सीटमध्ये खांद्याचे पट्टे सगळ्यात वरच्या खाचेतून घेऊनही तिचे खांदे त्याच्या वर येऊ लागले होते. म्हणजे ती सीट संपली. मी म्हटलं, आता मोठ्यांचाच पट्टा लावू या. मुलाने लावून दाखवला. वरचा पट्टा तिच्या गळ्यावर आला आणि खालचा पोटावर. तो कमरेच्या हाडावर बसायला हवा, पोटावर नाही. बूस्टर म्हणतात ती उंच सीट असते, ती मुलाला वर उचलते ती याचसाठी. पण चिऊ इतकी चुळबुळी की पट्ट्यातून कधी खांदा काढेल नेम नाही. म्हणून अजून दोन खांदे, दोन कंबर आणि एक पायांमधला, असा पाच टोकांचा पट्टाच ठेवायचा, आणि तिच्या मापात बसेल तोवर ठेवायचा, असं ठरलं.

तान्ह्यांना उलट तोंडाने का बसवतात, तेही तेव्हा समजलं. बाळाचं डोकं अंगाच्या मानाने जड आणि मान कोवळी. तोंड मागे असलं की समोरून बसलेला धक्का सगळी पाठ झेलते. बर्टिल आल्डमन नावाच्या स्वीडिश प्राध्यापकांना ही कल्पना १९६० च्या दशकात अंतराळवीरांच्या आसनांवरून सुचली. मी जिला सोंग म्हणाले ती एवढी विचार केलेली वस्तू! (एक लक्षात ठेवा, पुढे एअरबॅग असेल तिथे उलट तोंडाची सीट कधीही ठेवायची नाही.)

दुकानं तीन पालथी घातली. एकाने "ही घ्या, जन्मापासून बारा वर्षांपर्यंत चालते" म्हणून सांगितलं. चिऊला बसवून बघितलं तर कंबरेशी माझी मूठ जाईल एवढी फट. दुसऱ्याने सीट खाली गाडीपर्यंत न्यायला साफ नकार दिला. तिसऱ्या दुकानातला पोरगा मात्र उत्साही, स्वतः उचलून खाली आला. आमच्या गाडीच्या मागच्या सीटच्या फटीत बोटं घालून त्याने आयसोफिक्सच्या कड्या शोधल्या. सोबत चार बिस्किटं आणि सूनबाईचं हरवलेलं कानातलंही निघालं. सीट त्या कड्यांत खटकन बसली, वरचा पट्टा मागे अडकवला. मग हलवून पाहिली. इंचभरही हलता कामा नये. चिऊला बांधल्यावर खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरता आला तर तो सैल, असं त्या पोरानेच शिकवलं. चिमटीत आला नाही. सीटवर आर १२९ चा शिक्काही होता, तो मुलाने चष्मा लावून दोनदा वाचला.

सहज म्हणून सांगते, २०१९ च्या दुरुस्तीपासून मोटार वाहन कायद्यात कलम १९४ब आहे. चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याने किंवा अशा सीटने बांधलेलं नसेल तर १००० रुपये दंड. गुलमंडीवर स्कूटीच्या पुढे उभी राहिलेली पोरं बघते तेव्हा कायदा कुठे राहतो देव जाणे.

घरी येताना मागे चिऊ आणि मी. मीही पट्टा लावला. साडीच्या पदरावरून तो नीट बसत नाही, पदर आधी खोचून घ्यावा लागतो. मुलगा गाडी चालवत होता. त्याच्या भुवईवरची खूण आरशात दिसत होती, आणि सिग्नलला मी त्याला सगळं सांगून टाकलं. जीप, घाट, पाच टाके.

तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आई, मामाच्या घराला पायऱ्या दोनच आहेत. मला नेहमी वाटायचं, दोन पायऱ्यांवरून पडून पाच टाके कसे पडले?"

सिग्नल सुटला. चिऊ म्हणाली, "बाबा, चला ना!"

तर नाशिकच्या वन्सं, पायरीची गोष्ट खोटी होती. तुम्ही त्या पायरीला केवढी नावं ठेवली होती, आणि माझा भाऊ बिचारा ऐकून घेत होता. त्याचीही माफी मागायची आहे.

आणि पुण्याच्या भाचीने चिऊची जुनी सीट मिळेल का असं विचारलंय. देते की. कुणाचीही वापरलेली सीट घेऊ नये म्हणतात, कारण ती अपघातातून गेली असेल तर वरून कळत नाही. पण हिला एकदाही धक्का लागलेला नाही, हे मी खात्रीने सांगू शकते. खाली प्लॅस्टिकवर तारीख कोरलेली आहे, ती आधी बघून घे. उलट तोंडाने तेरा किलोपर्यंत चालते, तुझ्या बाळाला बरेच दिवस पुरेल. कव्हर धुऊन ठेवलं आहे. पुस्तिका सापडत नाहीये, मिळाली की पाठवते.