गुलाबी रंगाचा हक्क

फेब्रुवारी २०२४मध्ये गायक संजू राठोडचं ‘गुलाबी साडी’ हे गाणं आलं, तेव्हा यवतमाळ जिल्ह्यात फरदडीच्या कापसाची वेचणी उरकत आली होती. लग्नसराई लागली आणि दारव्हा, दिग्रस, पुसद, पांढरकवडा, कुठल्याही वाटेनं गेलं तरी हळदीच्या मांडवात डीजेवर हेच गाणं. दिवसभर तापलेली जमीन रात्रीही निवत नव्हती, पण करवल्या थांबत नव्हत्या आणि नवरीच्या मावश्याही थांबत नव्हत्या. पुढे माधुरी दीक्षितनं त्यावर ताल धरला, न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरच्या फलकावर ते झळकलं. मला ते सगळ्यात उजळ दिसलं ते या मांडवांत.

गाण्यातल्या बाईची मागणी केवढीशी! मी नटले आहे, छान दिसते आहे, माझा फोटो काढ. पण यवतमाळात या मागणीला वजन आहे. गेली पंचवीसेक वर्षं इथल्या बाईचा फोटो छापून आला तो बहुतेक वेळा एकाच कारणानं: शेतकरी नवऱ्यानं आत्महत्या केली म्हणून. भिंतीवर हार घातलेली तसबीर, खाली डोक्यावर पदर घेतलेली ती, बिलगून बसलेली लेकरं. त्या फोटोंनी मोठं काम केलं. जळका गावच्या, अशाच एका शेतकऱ्याच्या विधवा कलावती बांदूरकर यांचं नाव २००८ साली लोकसभेत घेतलं गेलं, ते या दुःखाची दखल म्हणूनच. तरीही तुला कसं दिसायचं आहे, हे त्या बाईला क्वचितच कुणी विचारलं असेल.

जानेवारी २०१९मध्ये यवतमाळच्या साहित्य संमेलनाचं उद्घाटन राजूरच्या वैशाली येडे यांनी केलं. शेतकऱ्याची विधवा म्हणून त्यांना बोलावलं गेलं. त्या बोलल्या मात्र जगत राहिलेल्या बाईच्या बाजूनं. तेच जगणं मला हळदीच्या मांडवात दिसतं. वेचणीच्या दिवसांत साडीवर नवऱ्याचा जुना फुलबाह्यांचा शर्ट चढवून, कमरेला कापसाची ओटी बांधून इथली बाई वावरात वाकलेली असते. साडीचा रंग कुणाला दिसत नाही. हळदीच्या रात्री तो शर्ट दांडीवर असतो आणि रंग तिच्या अंगावर.

या गाण्याला रॅपचं वळण आहे, आणि रॅप हिपहॉपमधलं. १९७३ साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये हिपहॉप जन्मलं, त्या दशकात त्या वस्तीचीही जगाला एकच ओळख होती: जळक्या, ओसाड इमारती. तिथल्या पोरांनी दोन तबकड्या आणि एक माइक घेऊन आपली ओळख आपल्या तोंडानं सांगायला सुरुवात केली. संजू राठोड जळगाव जिल्ह्यातल्या धानवडचा, बंजारा घरातला. यवतमाळच्या तांड्यांना, म्हणजे इथल्या बंजारा वस्त्यांना, तो परका वाटला नाही. बंजारा समाजातले मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांचं गहुली याच जिल्ह्यातलं, बंजारांचे संत सेवालाल महाराजांची पोहरादेवी शेजारच्या वाशीममधली. इथे होळीला डफावर लेंगी ही बंजारा गाणी रंगतात. एकानं ओळ टाकायची, बाकीच्यांनी उचलायची. शब्द ठेक्यावर बसवून फेकायची ही रीत तांड्यात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली आहे. म्हणून रॅपचं वळण इथल्या कानाला उपरं लागत नाही.

गाण्यानं कापसाला भाव मिळत नाही, सावकाराचं देणंही फिटत नाही. पण दुःखानं वेढलेल्या माणसाला सुंदर दिसण्याची हौस असू नये, असं मानणं हाही एक अन्याय आहे, आणि तो आपण लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांनी फार काळ केला. ज्या बाईला कर्जमाफीचा अर्ज भरायचा आहे, तिलाच गुलाबी साडीही नेसायची आहे. या दोन मागण्या एकाच जिवाच्या आहेत आणि दोन्ही रास्त आहेत.

एक गोष्ट अजून व्हायची आहे. या गाण्यात बाईची हौस बोलते, पण शब्द पुरुषानं लिहिलेले आहेत. पुढचं गाणं घाटंजीच्या किंवा उमरखेडच्या एखाद्या पोरीनं स्वतः लिहावं, स्वतः माइक हातात घेऊन म्हणावं. त्यात वावर असो, हप्ता असो, लिपस्टिक असो. काय ठेवायचं ते तिनं ठरवावं.