पडवींतील ससे

संस्कृतांत चंद्राला शशांक म्हणतात. शश, म्हणजे ससा, हा आहे अंक ज्याचा तो शशांक. हा बहुव्रीहि मीं ३५ वर्षें मुलांकडून घोकून घेतला. जें मुळीं अस्तित्वांतच नाहीं त्याला शास्त्रकार शशविषाण, म्हणजे सशाचें शिंग, म्हणतात, हेंहि मीं वर्गांत अनेकदां सांगितलें. सशाविषयीं माझें ज्ञान येथेंच संपतें, हें मात्र पेन्शन घेऊन घरीं बसल्यावर, वयाच्या ६४ व्या वर्षीं कळलें. तें कसें, हें वाचकांस सांगतों. कारण माझ्यासारखे वडीलधारे घरोघर असतील.

श्रावणांत माझा मधला नातू एका वर्गमित्राकडून दोन पांढरे ससे घेऊन आला. दोन्ही नर आहेत, असें त्या मुलानें ठासून सांगितलें होतें. लहान वयांत सशांतील नर-मादी ओळखणें जाणत्यालाहि अवघड जातें, हें आम्हांस काय ठाऊक! माझ्या थोरल्या बहिणीनें, आक्कानें, "सोवळ्याच्या वाटेंत नकोत" एवढीच अट घातली. मागच्या पडवींत जाळीचा पिंजरा झाला. परसांतील हरळी, लसूणघास आणि वाळलेलें गवत यांवर दोघे चांगले पोसले.

पौषांत एके दिवशीं त्यांपैकीं एकाच्या छातीवरचे व पोटावरचे केस गेलेले दिसले. तोच ते तोंडानें उपटीत होता. आक्का म्हणाली, "खरूज आहे ही. करंजेल लावा." मीं दुजोरा दिला. सुनेनें हळूच सुचविलें, "मामंजी, ते केस कोपऱ्यांत गवतावर नीट रचून ठेवले आहेत." मीं तिकडे लक्ष दिलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्या केसांच्या गादींत सात पिलें वळवळत होतीं. उघडींनागडीं, आंधळीं, आंगठ्याएवढीं.

घरांत आनंदीआनंद झाला. देवदारी खोकें आणून गादीसकट पिलें त्यांत ठेविलीं. नराला मुलांनीं "पिलांचे बाबा" म्हणून पिंजऱ्यांतच राहूं दिलें. पण दुपारपर्यंत आनंदावर विरजण पडलें. आई पिलांकडे ढुंकूनहि पाहीना. पिंजऱ्याच्या दुसऱ्या टोकाला ती निवांत गवत चघळीत बसली होती. संध्याकाळ झाली, तरी तेंच. ओसरीवर सभा भरली. "कसली मेली ही आई!" असें आक्का म्हणाली. पहिलटकरणीला पान्हाच फुटला नसावा, असें थोरल्या मुलानें ठरविलें. मीं निकाल दिला, कीं पिलांना गाईचें दूध पाजावयाचें.

कापसाच्या वातीनें दूध पाजण्याचें काम मीं स्वतःकडे घेतलें. एकेक पिलूं तळहातावर घेई आणि त्याच्या ओठांशीं वात पिळी. पुण्य जोडल्यासारखें वाटे. दुसऱ्या दिवशीं सकाळीं दोन पिलें थंडगार सांपडलीं. उपासमार होत असावी, या समजुतीनें मीं दूध वाढविलें. तिसऱ्या दिवशीं आणखी दोन गेलीं. नातवानें चारहि पिलें पारिजातकाखालीं पुरलीं, वर एकेक दगड ठेविला, आणि तो माझ्याशीं बोलेनासा झाला.

त्या रात्रीं मी नवी वात वळीत बसलों असतां सून दाराशीं येऊन उभी राहिली. "मामंजी, रागावणार नसाल तर सांगूं? आई येते हो पहाटे. मी पाणी तापवायला उठतें, तेव्हां रोज पाहतें आहें. खोक्यांत उडी घेते, दोन-चार मिनिटें थांबते, कीं लगेच बाहेर. मग पिलांचीं पोटें लिंबासारखीं गोल झालेलीं असतात. त्यावर आपण दूध घालतों."

"मग बोलली कां नाहींस?"

ती खालीं पाहूं लागली. "मला कोणीं विचारलें नाहीं," ती म्हणाली.

पहाटे चार वाजतां दिवा झांकून मी तिच्याबरोबर पडवींत उभा राहिलों. सारें तिनें सांगितल्याप्रमाणेंच घडलें. पुढें गुरांच्या डॉक्टरांनीं उलगडा केला. पाळीव ससा म्हणजे आपल्या रानांतला ससा नव्हे. आपला रानांतला बीळ करीत नाहीं, व त्याचीं पिलें अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्मतात. पाळीव सशाचे पूर्वज यूरोपांतले, बिळांत राहणारे. तेथें मादी पिलांना बिळांत ठेवून तोंड मातीनें बुजविते आणि शत्रूला माग लागूं नये म्हणून दूर राहते. पाजावयास ती दिवसांतून बहुधा एकदांच येते. तिचें दूध गाईच्या दुधाच्या सुमारें तिप्पट सकस असतें, म्हणून तेवढें पुरतें. आम्हीं जिला निर्दय ठरविलें ती दूर राहून राखण करीत होती. आणि आम्ही दयाळू माणसें तिच्या पिलांच्या नाकातोंडांत दूध घालीत होतों.

वात बंद झाली. उरलेलीं तिन्ही पिलें जगलीं. मुलांनीं बाराव्या दिवशीं बारसें योजिलें, तोंवर तिघांचेहि डोळे उघडून अंगावर मऊ लव आली होती.

"बाबांना" पिंजऱ्यांत ठेवल्याचा परिणाम ३१ व्या दिवशीं दिसला. सशाची मादी विण्याच्या दिवशींच पुन्हां गाभण राहूं शकते. दुसरें वेत झालें, सहा पिलें. या खेपेस सभा भरली नाहीं. नराची रवानगी निराळ्या पिंजऱ्यांत झाली आणि खोकें सुनेच्या स्वाधीन केलें. ती दिवसांतून एकदां पिलें मोजी, पोटें पाही आणि गादी पुन्हां झांकून ठेवी. सहाहि जगलीं.

शाळेंत मीं जन्मभर मुलांना प्रश्न विचारले. पण ज्यांचीं उत्तरें मला आधींच ठाऊक होतीं तेच. ठाऊक नसलेली गोष्ट ठाऊक असलेल्या माणसाला विचारावी, हा धडा घरांत कधीं गिरविलाच नव्हता. अजूनहि ओसरीवर बोलणें निघालें, कीं सून माजघराच्या उंबऱ्याशीं उभी असते. आतां मी आधीं तिच्याकडे वळतों. नातू पुन्हां बोलूं लागला आहे. परसांत जातांना मात्र पारिजातकाखालच्या त्या चार दगडांपाशीं माझा पाय क्षणभर थबकतो.