रेषेची भिंत होताना

ऑटोकॅड शिकले तेव्हा भिंत म्हणजे दोन समांतर रेषा, एवढंच मला ठाऊक होतं. मग सिव्हिल इंजिनिअरिंगच्या पुढच्या वर्षात रेव्हिट हे सॉफ्टवेअर आलं. ‘वॉल’ निवडली की प्रश्न सुरू: भिंत कशाची? कोणत्या लेव्हलपासून कुठवर? आत थर कोणते, प्रत्येकाची जाडी किती? मला यातलं काहीच ठरवता येईना.

प्लॅनमध्ये खिडकी सरकवली, तर ती एलेव्हेशनमध्येही सरकली. एक पुसली, तर खिडक्यांच्या तक्त्यातला आकडा कमी झाला. हात न लावलेल्या गोष्टी बदलताना पाहून भीतीच वाटली. इमारत एकदाच रचायची आणि प्लॅन, सेक्शन, तक्ते तिच्यातूनच काढायचे, हा बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंगचा गाभा फार उशिरा उमगला.

साधनांची अडचण वेगळीच. रेव्हिट बनवणारी ऑटोडेस्क कंपनी विद्यार्थ्यांना वर्षभराचा परवाना मोफत देते; पण हे सॉफ्टवेअर पेलणारा लॅपटॉप आमच्यापैकी अनेकांना परवडत नाही. त्यात नव्या आवृत्तीतली फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही. मैत्रिणीच्या लॅपटॉपवर रात्रभर केलेलं काम सकाळी लॅबमध्ये उघडेचना.

सरावासाठी मी जामखेडमधलं एक चालू बांधकाम घेतलं. तिथले गवंडी मामा जिला ‘नऊ इंची’ म्हणत, ती भिंत मी रेव्हिटमध्ये रचली: २३० मिमी वीटकाम, बाहेरून २० आणि आतून १२ मिमी गिलावा. चौकट कधी उभी करतात, दारा-खिडकीवरचं लिंटेल कुठे येतं, काळ्या मातीत पाया खोल का न्यावा लागतो, हे त्यांनी जागेवर दाखवलं. मग स्क्रीनवरच्या प्रश्नांना माझ्याकडे उत्तरं होती. वीटकामाचं माप घनमीटरमध्ये सांगितलं, तर मामा म्हणाले, “पोरी, ब्रासमध्ये सांग की!” १०० घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे सुमारे २.८३ घनमीटर. तक्त्यात मी ब्रासचा रकाना जोडला आणि मामांनी तो आकडा लगेच आपल्या अंदाजाशी ताडून पाहिला.

ब्रिटनने २०१६ पासून केंद्र सरकारच्या बांधकामांत बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंगची पद्धत सक्तीची केली. आपल्याकडे नागपूर मेट्रोने त्रिमितीय मॉडेलला वेळ आणि खर्चाची जोड दिली. असं काम आमच्याही वाट्याला यावं, असं मनापासून वाटतं. म्हणून विद्यापीठातल्या या पद्धतीच्या प्रशिक्षणाची सुरुवात बटणांपासून नको, चालू बांधकामापासून हवी. आपली वीट, आपली चौकट, ब्रासचा तक्ता अशी तयार घटकांची लायब्ररी प्राध्यापक-विद्यार्थ्यांनी मिळून करावी आणि दरवर्षी पुढच्या वर्गाच्या हाती द्यावी. फ्रीकॅडसारखं मोफत सॉफ्टवेअरही शिकवावं. तालुक्याच्या गावातून आलेल्या मुलांना बांधकाम परकं नसतं. त्या ओळखीपासून शिकवलं, तर हे सॉफ्टवेअरही त्यांना परकं राहणार नाही.